लाईट गेली की ड्राईव्हची सेटिंग उडते: आकडा कुठे साठतोय ते आधी शोधा

सुट्टीनंतर कारखाना सुरू केला आणि वार्पिंगचा (ताण्याचे धागे बीमवर गुंडाळणाऱ्या मशीनचा) ड्राईव्ह, म्हणजे मोटरचा स्पीड ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, पुन्हा जुन्याच स्पीडवर आला, ही तक्रार सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत ऐकू येते तशी चिंचोळीतही ऐकू येते. टॉवेलचा कारखाना असो, डाईंग असो की साखर कारखान्याचा पंप, बोलणं एकच: "साहेब, कालपर्यंत बरोबर चालू होतं." मग वायरमन वहीतून आकडे काढतो, पुन्हा भरतो, मशीन चालू होतं आणि पुढच्या सुट्टीनंतर तेच.

बऱ्याच ठिकाणी निदानही तयार असतं: ड्राईव्हची बॅटरी गेली. ड्राईव्हच्या पॅरामीटरला, म्हणजे त्यात भरलेल्या सेटिंगच्या आकड्यांना, बॅटरी लागत नाही. ते ईईप्रॉम किंवा फ्लॅश या कायमच्या मेमरीत बसतात आणि वर्षभर लाईट नसली तरी तिथेच राहतात. काही कंपन्यांच्या डिस्प्लेत नाण्यासारखा सेल असतो, पण तो घड्याळासाठी. तो बदलून सेटिंग टिकेल या आशेवर राहू नका. पीएलसीत, म्हणजे अख्खं मशीन प्रोग्रामप्रमाणे चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, मात्र बॅटरी असू शकते आणि तिचा संबंध या तक्रारीशी येऊ शकतो. ते पुढे येईलच.

ड्राईव्हमध्ये आकडा दोन जागी राहतो. मोटर ज्या आकड्यावर चालते तो रॅममध्ये असतो आणि कंट्रोल सप्लाय गेला की पुसला जातो. दुसरी प्रत कायमच्या मेमरीत असते आणि पॉवर आली की ती रॅममध्ये उतरते. तुम्ही बदललेला आकडा फक्त पहिल्या जागी गेला असेल, तर सप्लाय आहे तोवर सगळं व्यवस्थित दिसतं. पॅनेलचा मेन आठवडाभर चालूच असेल तर आठवडाभर कुणाला शंकाही येत नाही. सुट्टीला मेन पाडला की भांडं फुटतं.

मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, लाईट दोनचार वेळा झपकते आणि तरी सेटिंग जागेवर असते. त्यावरून "लाईट जाऊन काही होत नाही, दुसरंच कारण आहे" असा निष्कर्ष काढू नका. ड्राईव्हच्या आतल्या डीसी बसच्या कपॅसिटरमधला चार्ज कंट्रोल कार्डाला थोडा वेळ जगवतो, त्यामुळे छोट्या झटक्यात रॅम शाबूत राहते. काही मोठ्या ड्राईव्हना बाहेरून २४ व्होल्ट दिलेले असतात. तिथे मेन पाडला तरी कंट्रोल कार्ड जागंच असतं आणि तपासणी फसते. डिस्प्ले पूर्ण विझला, तरच पॉवर गेली असं धरायचं.

एक चाचणी, बाकी सगळं नंतर

आकडे पुन्हा भरण्याआधी हे करा. मशीन रिकामं असताना असे दोन पॅरामीटर निवडा जे तुमच्या कामात कुठेच वापरले जात नाहीत. मल्टीस्पीडमधले (आधीच ठरवून ठेवलेल्या स्पीडमधले) शेवटचे दोन प्रीसेट बहुतेक ठिकाणी मोकळे असतात. एकात ड्राईव्हच्या कीपॅडवरून ७.३१ भरा, दुसऱ्यात टचस्क्रीनवरून किंवा पीएलसीतून ८.४७. असे विचित्र आकडे मुद्दाम घ्यायचे, म्हणजे परत दिसले तर ते तुमचेच याची खात्री राहते. टचस्क्रीनवर त्या प्रीसेटची जागाच नसेल तर स्क्रीनवरून एरवी बदलला जाणारा एखादा पॅरामीटर घ्या, मूळ आकडा टिपून ठेवा आणि तो किंचित बदला. मग मेन पाडा, बाहेरचे २४ व्होल्ट असतील तर तेही काढा, डिस्प्ले विझू द्या, आणखी पाचेक मिनिटं थांबा आणि चालू करा.

कीपॅडचा राहिला आणि स्क्रीनचा गेला, तर कम्युनिकेशनवरून आलेला बदल फक्त रॅममध्ये जातोय. नव्या तक्रारींत मला हेच सर्वात जास्त सापडतं, कारण हल्ली ऑपरेटर ड्राईव्हचं दार उघडतच नाही.

दोन्ही गेले, तर सेव्ह होणंच बंद केलेलं आहे किंवा मेमरीत बिघाड आहे.

दोन्ही राहिले आणि तरी कामाचे आकडे उडतात, तर ड्राईव्ह काही विसरत नाही. कुणीतरी त्याच्यावर लिहितंय. तो कुणीतरी पीएलसी असेल किंवा रात्रपाळी असेल.

आणि पॉवर न जाताच आकडे बदलतात, तर पॅरामीटरचा दुसरा संच चालू होतोय. काही ड्राईव्हमध्ये असे एकाहून जास्त संच असतात.

स्क्रीनवरून टाकलेला आकडा टिकत नाही

हा दोष नाही, कंपन्यांनी मुद्दाम ठेवलेली सोय आहे. ईईप्रॉमवर लिहिण्याला मर्यादा असते, साधारण एक लाख वेळा. पीएलसी दर सेकंदाला एक आकडा पाठवत असेल आणि तो प्रत्येक वेळी कायमच्या मेमरीत जात असेल, तर तासाला ३,६०० वेळा लिहिलं जातं आणि अठ्ठावीस तासांच्या आत लाखाचा आकडा गाठला जातो. म्हणून बहुतेक कंपन्या कम्युनिकेशनवरचं लिखाण रॅमपुरतं ठेवतात किंवा निवड तुमच्यावर सोडतात.

एबीबीच्या एसीएस ५५० मध्ये फील्डबसवरून (कम्युनिकेशनच्या केबलवरून) बदललेला पॅरामीटर आपोआप सेव्ह होत नाही. पॅरामीटर १६०७ ने सेव्ह करावा लागतो. काम झालं की तो स्वतःच डन दाखवतो. एसीएस ५८० आणि ८८० मध्ये हेच काम ९६.०७ करतो. सीमेन्सच्या व्ही२० मध्ये सीरियल लिंकवरून आलेला आकडा कुठे ठेवायचा हे पी००१४ ठरवतो, आणि रॅममधलं सगळं एकदम कायम करायचं तर पी०९७१ ला १ द्यायचा. तो परत ० झाला म्हणजे लिखाण पूर्ण. त्याआधी मेन पाडू नका, अर्धवट लिहिलेली मेमरी हे वेगळंच दुखणं होऊन बसतं. जी१२० वर लॅपटॉप लावून ऑनलाइन बदल केले असतील तर सॉफ्टवेअरमधलं 'कॉपी रॅम टू रॉम' दाबायचं राहून जातं आणि इंजिनियर पुण्याला परतल्यावर ते कळतं.

यास्कावाच्या ए१००० आणि व्ही१००० ला मॉडबसवर (कम्युनिकेशनची एक ठरलेली पद्धत) एंटर कमांडचे दोन रजिस्टर आहेत: ०९१० हेक्सवर लिहिलं तर बदल फक्त रॅममध्ये लागू होतो, ०९०० हेक्सवर लिहिलं तर ईईप्रॉममध्येही जातो. मित्सुबिशीत ही निवड पॅरामीटर ३४२ मध्ये असते, ० म्हणजे दोन्हीकडे, १ म्हणजे फक्त रॅम. डॅनफॉसला मॉडबस आरटीयूवर कॉइल ६५ हेच ठरवते.

आता हे वाचून कुणी सरळ सगळं लिखाण ईईप्रॉमकडे वळवलं तर आजचं दुखणं जाईल आणि काही दिवसांनी ड्राईव्ह पॅरामीटर मेमरीच्या फॉल्टवर बसेल. मित्सुबिशीत तो ई.पीई असा दिसतो. माझ्या मते योग्य वाट अशी: सतत बदलणारा स्पीड हा पॅरामीटरमध्ये लिहायचाच नाही, त्यासाठी फ्रिक्वेन्सी रेफरन्सचं वेगळं रजिस्टर असतं, ते वापरायचं. ॲक्सिलरेशन टाइम, क्रीप स्पीड, कमाल फ्रिक्वेन्सी असे क्वचित बदलणारे आकडे बदलले की टचस्क्रीनवर एक 'सेव्ह' बटण द्यायचं आणि ते दाबल्यावर एकदाच सेव्हची कमांड जाऊ द्यायची. प्रोग्राम करणाऱ्याला हे सांगितलं तर तो एवढ्यानं काय होतंय म्हणतो. त्याला वरचं अठ्ठावीस तासांचं गणित दाखवा.

पीएलसीच जुना आकडा लिहितोय

होटगी रोडकडच्या एका डाईंगमध्ये हायड्रोच्या (ओलं कापड फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनच्या) ड्राईव्हचा थांबण्याचा वेळ वाढवून ठेवायचे, कारण भरलेली बास्केट लवकर थांबवली की ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप व्हायचं. वाढवलेला वेळ प्रत्येक पॉवर ऑननंतर परत मूळ आकड्यावर. ड्राईव्ह बदलून पाहिला गेला होता, नवाही तसाच वागला. ड्राईव्ह बदलूनही तक्रार तशीच राहते, तेव्हा दोष कम्युनिकेशनच्या केबलच्या दुसऱ्या टोकाला असतो. पीएलसीच्या पहिल्या स्कॅनमध्ये सुरुवातीचे आकडे ड्राईव्हला पाठवायची ओळ होती आणि त्यात मशीन बसवतानाचा वेळ लिहिलेला होता.

तपासायला सोपं आहे. मशीन थांबलेलं असताना कम्युनिकेशनची केबल काढा, कीपॅडवरून आकडा बदला, पॉवर बंद-चालू करा. आकडा टिकला. केबल लावून पुन्हा पॉवर द्या. आकडा गेला. यापुढे वाद उरत नाही. केबल काढल्यावर ड्राईव्ह कम्युनिकेशन फॉल्ट दाखवेल, त्यानं घाबरू नका.

पीएलसीची बॅटरी इथे येते. रेसिपी (मशीनसाठी ठरवलेल्या आकड्यांची यादी) बॅटरीवरच्या मेमरीत असेल आणि बॅटरी संपली असेल, तर पीएलसी स्वतः रिकामा होतो आणि सुरुवातीचे आकडे प्रामाणिकपणे ड्राईव्हला पाठवतो. बॅटरीचा दिवा पॅनेलमध्ये लाल लागलेला असतो, पण त्यावर टॉवेलचा फुफाटा इतका बसलेला की दिसणार कुणाला?

सेव्ह बंद असणं, एंटर न दाबणं आणि दुसरा संच

एसीएस ५५० मध्ये १६०२ ला २ दिला की कीपॅडवरचे बदल चालतात पण साठत नाहीत. कमिशनिंग करणाऱ्यानं प्रयोगापुरता तसा ठेवलेला असतो आणि निघताना परत १ करायचा राहतो. दोन्ही आकडे गेले असतील तर मी मेमरीवर संशय घेण्याआधी असा पॅरामीटर शोधतो.

साध्या ड्राईव्हवर त्याहून साधं कारण: बाण दाबून आकडा दिसला की हात मागे. डेल्टावर आकडा घेतला गेला की 'एंड' असं क्षणभर उमटतं, नाकारला तर 'ईआरआर'. ते उमटेपर्यंत नजर हटवायची नाही. मोटर चालू असताना बरेच पॅरामीटर बदलूच देत नाहीत, तेव्हाही ईआरआरच येतं.

दुसऱ्या संचाची भानगड जास्त चकवते. डॅनफॉसच्या एफसी ३०२ मध्ये चार सेटअप असतात. ०-१० सांगतो कोणता चालू आहे, ०-११ सांगतो तुम्ही कोणत्यात लिहिताय. हे दोन वेगळे असू शकतात! म्हणजे मशीन सेटअप १ वर धावतंय आणि तुम्ही तासभर सेटअप २ मध्ये आकडे भरताय. काही ड्राईव्हमध्ये संच बदलण्याचं काम डिजिटल इनपुटला दिलेलं असतं. तिथे एक सैल वायर किंवा चिकटलेला रिले पुरतो. पॉवर न जाता सेटिंग बदलत असेल तर आधी टर्मिनल घट्ट करा आणि त्या इनपुटला काय काम दिलंय ते बघा.

रात्रपाळीचा रिसेट

इथे थोडं मोकळं बोलतो. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये पॅनेलच्या आत त्याहून जास्त. बऱ्याच ड्राईव्हचं पूर्ण क्षमतेचं रेटिंग ४० अंशांपर्यंतच असतं. त्यात फॅनला कापसाचा फुफाटा. ड्राईव्ह तापून ट्रिप होतो. रात्री दोन वाजता माणूस स्टॉप-रिसेट दाबतो, गरम असल्यामुळे फॉल्ट जात नाही. मग तो मेन्यूत 'रिसेट' शोधतो, आणि मेन्यूतला रिसेट म्हणजे फॅक्टरी रिसेट. सकाळी विचारलं तर उत्तर खरंच असतं: "रिसेट मारला की ओ साहेब, तरी तसंच!"

फॉल्ट रिसेट फक्त ट्रिप काढतो, एकाही आकड्याला हात लावत नाही. फॅक्टरी रिसेट सगळे आकडे पुसतो आणि तापलेला ड्राईव्ह तापलेलाच ठेवतो. डेल्टाच्या ईएल आणि ई मालिकेत तर ००.०२ या एकाच पॅरामीटरमध्ये ८ म्हणजे कीपॅड लॉक, ९ म्हणजे ५० हर्ट्झचं फॅक्टरी सेटिंग आणि १० म्हणजे ६० हर्ट्झचं. लॉक करायला गेलेला माणूस बाणावर एकदा जास्त दाबतो आणि सगळं धुऊन निघतं.

त्यातला १० विशेष वाईट. मोटर फिरते, त्यामुळे कुणाला कळत नाही. पण आता बेस फ्रिक्वेन्सी ६० आणि व्होल्टेज ४४० झालेलं असतं, म्हणजे ५० हर्ट्झला मोटरला मिळतात सुमारे ३६७ व्होल्ट. आपली मोटर ५० हर्ट्झला ४१५ ची. लोडवर टॉर्क कमी पडतो, करंट चढतो आणि मोटर तापते. मग मोटर रिवाइंडिंगला जाते, परत येते, तरी तापते. असं काही दिसलं तर मोटरकडे जाण्याआधी बेस फ्रिक्वेन्सी वाचा.

खरंच फॅक्टरी रिसेट करायचा असेल, म्हणजे ड्राईव्ह दुसऱ्या मशीनवरून आणलाय किंवा आधी कुणी काय केलंय याचा थांगच लागत नाही, तर आधी आहे तो संच कॉपी करून ठेवा. व्ही२० मध्ये पी००१० ला ३० आणि मग पी०९७० ला १. पण कुणी आधी पी०९७१ ला २१ देऊन स्वतःचे आकडे 'युजर डिफॉल्ट' म्हणून साठवले असतील तर १ दिल्यावर ड्राईव्ह त्या आकड्यांवर जातो, फॅक्टरीवर नाही. तेही पुसायचे तर पी०९७० ला २१. डॅनफॉसला १४-२२ मध्ये इनिशियलायझेशन निवडून पॉवर बंद-चालू करायची. चालू झाल्यावर अलार्म ८० येतो, तो बिघाड नाही, रिसेट झाल्याची पावती आहे. यास्कावाला ए१-०३ मध्ये २२२० म्हणजे टू-वायर, ३३३० म्हणजे थ्री-वायर, ही स्टार्ट-स्टॉपच्या वायरिंगची दोन पद्धती. तुमची वायरिंग थ्री-वायरची आणि तुम्ही २२२० दिला तर पॉवर देताच मोटर अनपेक्षितपणे उलटी फिरू शकते. बीमवर कुणाचा हात असताना हे व्हायला नको. रिसेटच्या वेळी रनची वायर काढून ठेवा.

यास्कावाचं एक मला आवडतं: आकडे जमले की ओ२-०३ ला १ द्यायचा, मग ए१-०३ ला १११० दिला की ड्राईव्ह तुमच्या स्वतःच्या आकड्यांवर परततो. एसीएस ५५० मध्ये ९९०२ ला -१ दिला की पहिला युजर सेट साठतो आणि ० दिला की परत येतो. ही सोय जवळपास प्रत्येक कंपनी देते आणि कारखान्यांत क्वचितच वापरलेली दिसते. रात्रपाळीला मेन्यूतला रिसेट मारायची इतकी हौस असेल तर हा तरी मारू द्या.

कीपॅडनं कॉपी करताना

दिशा. बाकी चुका सुधारता येतात, ही येत नाही. एबीबीच्या पॅनेलवर अपलोड म्हणजे ड्राईव्हमधून पॅनेलमध्ये, डाउनलोड म्हणजे पॅनेलमधून ड्राईव्हमध्ये. यास्कावात ओ३-०१ ला १ दिला की कीपॅड ड्राईव्हमधून वाचून घेतो, २ दिला की ड्राईव्हवर लिहितो, ३ दिला की दोन्ही ताडून बघतो. डॅनफॉसच्या ०-५० मध्ये १ म्हणजे सगळं कीपॅडमध्ये, २ म्हणजे सगळं ड्राईव्हमध्ये. उलट दाबलं तर चांगल्या संचावर रिकामा संच बसतो. म्हणून कॉपीच्या आधी महत्त्वाच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा, मग कुठलंही बटण दाबा.

क्षमता वेगळी असेल तर सगळं कॉपी करू नका. साडेपाच किलोवॉटचा संच पावणेचारच्या ड्राईव्हवर टाकला तर मोटर करंट मोठा बसतो आणि ओव्हरलोडचं संरक्षण नावापुरतं उरतं. डॅनफॉसच्या ०-५० मध्ये ३ हा पर्याय यासाठीच आहे, क्षमतेवर अवलंबून असलेले आकडे तो सोडून देतो. एसीएस ५५० मध्ये 'डाउनलोड ॲप्लिकेशन' मोटरचे आकडे सोडतो, 'फुल सेट' ते घेतो. वेक्टर मोडवर चालणारी मोटर असेल तर कॉपीनंतर ऑटोट्यून (ड्राईव्हनं स्वतः मोटर मोजून घेणं) पुन्हा करा, मोटर सारख्याच पाटीची असली तरी.

आकडे लिहिलेला कागद पॅनेलच्या दाराला आतून लावलेला बरा. एका कारखान्यात तो अर्धा मराठीत आणि अर्धा तेलुगूत होता आणि मी पाहिलेल्यांत सर्वात उपयोगी तोच, कारण प्रत्येक आकड्यापुढे तो का बदलला हेही लिहिलं होतं.

संच परत भरल्यावर लगेच लोड देऊ नका. मोटरच्या पाटीशी करंट, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि आरपीएम जुळवा. रन कमांड आणि स्पीड रेफरन्स कुठून घ्यायचा ते बघा. ब्रेकचा किंवा पुढच्या मशीनचा इंटरलॉक ड्राईव्हच्या रिलेवर असेल तर त्या रिलेला दिलेलं काम तपासा. रिसेटनंतर तो रिले दुसऱ्याच कामाला लागलेला असू शकतो. मग रिकाम्या मशीनवर पाचेक हर्ट्झला फिरवून दिशा पाहा, इमर्जन्सी स्टॉप दाबून पाहा, मेन पाडा, डिस्प्ले विझू द्या आणि तेच आकडे पुन्हा वाचा. दोन्ही चाचणी आकडे गेले होते, सेव्ह बंद नव्हतं, संच एकच आहे आणि आताही आकडे टिकले नाहीत, तर कंट्रोल कार्ड दुरुस्तीला काढा.